एक उतार, तीन संकटे

अहिल्यानगर जिल्ह्याचे नाव घेतले की मनात पहिल्यांदा दुष्काळ येतो. टँकर, चारा छावण्या, ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडे हे चित्र खोटे नाही. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या मुख्य धारेला बिलगून एक अरुंद पट्टा आहे. घाटघर, साम्रद, रतनवाडी, पांजरे, उडदावणे, मुरशेत, शेंडी ही त्यातली गावे आणि त्यांच्या मधोमध भंडारदऱ्याचा जलाशय. घाटघरला काही वर्षी पाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, म्हणून त्याला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. तिथून पूर्वेला सरळ रेषेत पस्तीस-चाळीस किलोमीटरांवर अकोले शहर आहे. तिथला पाऊस पाचशे मिलिमीटरांच्या आसपास. एका तालुक्यातल्या दोन टोकांत दहापटींचा फरक.

या पट्ट्यात वर्षभरात तीन संकटे ठरावीक क्रमाने येतात. फेब्रुवारीपासून मेपर्यंत वणवे, एप्रिल ते जून वळवाचा पाऊस आणि विजा, जुलै-ऑगस्टमध्ये अतिवृष्टी आणि पूर. सरकारी कागदावर या तीन वेगळ्या बाबी आहेत. वणवा वनविभागाचा, वीज महसूल आणि आपत्ती व्यवस्थापनाची, पूर जलसंपदा विभागाचा. गेली काही वर्षे मी या भागात वेगवेगळ्या ऋतूंत जात आलो आहे. तिन्ही गोष्टी एकाच उतारावर घडतात आणि एकीचा परिणाम दुसरीच्या पदरात पडतो, हे तिथे फिरताना हळूहळू ध्यानात येत गेले. या लेखात तीच साखळी उलगडण्याचा प्रयत्न आहे.

उताराची घडण

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. भंडारदऱ्याचे डोंगर याच थरांचे. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, त्याखालचा मऊ थर झिजून पायरी होते. कळसूबाई, रतनगड, अलंग, मदन, कुलंग यांपैकी कुठलाही डोंगर बाजूने पाहिला तर या पायऱ्या मोजता येतात. पायरीच्या सपाटीवर माती साचते, तिथे वाडी वसते, भातखाचरे होतात. कड्याच्या उतारावर मातीचा थर पातळ, काही ठिकाणी वीतभरही नाही. त्या पातळ मातीला गवत, कारवी आणि झाडोरा यांनी धरून ठेवलेले असते.

पश्चिमेला हा प्रदेश एकदम तुटतो आणि कड्याखाली कोकण दिसते. अरबी समुद्रावरून आलेल्या वाऱ्याला या भिंतीपाशी वर चढण्याखेरीज मार्ग नसतो. हवा वर चढली की थंड होते, तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते आणि ते धारेवर सांडते. पूर्वेकडे उतरताना हवा कोरडी होत जाते. म्हणून घाटघरला चेरापुंजी आणि अकोल्यापलीकडे पर्जन्यछाया.

वणवा

दिवाळी सरली की डोंगरावरचे गवत पिवळे पडू लागते. पावसाळ्यात कमरेइतके वाढलेले हे गवत माघापर्यंत पार वाळते. फाल्गुन-चैत्रात सागाची, ऐनाची पाने गळून जमिनीवर जाड थर होतो. इतक्या सरपणाला एक ठिणगी पुरते.

ही ठिणगी आकाशातून क्वचितच येते. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. विझली असे समजून टाकलेली विडी, मध काढताना धरलेला पलिता, डोंगरावर मुक्कामाला आलेल्यांची शेकोटी, रस्त्याकडेचा पेटवलेला कचरा. शिवाय गवत जाळले की पुढच्या वर्षी चांगले फुटते, हा जुना समज आहे. त्यात अर्धे सत्य आहे. जुन्या काडाचे आच्छादन गेल्यामुळे नवा कोंब लवकर दिसतो. पण दरवर्षी जाळलेल्या कुरणात गुरांना आवडणारे मऊ गवत मागे पडून राठ गवताचे प्रमाण वाढते आणि झाडांची रोपे दुसरे वर्ष पाहत नाहीत.

इथे एक भेद करायला हवा. भाताच्या रोपासाठी राब भाजणे म्हणजे वणवा नव्हे. शेणकुटे, पालापाचोळा, काटक्या रचून ठरलेल्या तुकड्यावर, वारा पडलेला पाहून जाळ करतात. त्याने तणाचे बी मरते, राखेचे खत होते. महादेव कोळी आणि ठाकर समाजातील शेतकऱ्यांची ही भातशेतीची जुनी रीत आहे. राबाची ठिणगी उडून डोंगर पेटल्याची उदाहरणे असतील, पण सगळ्या वणव्यांचा दोष राबावर टाकणे हे आळशी निदान आहे.

उतारावरची आग सपाटीवरच्या आगीपेक्षा वेगळी वागते. ज्वाळा वरच्या बाजूला झुकतात आणि पुढचे गवत पेटण्याआधीच तापवून कोरडे करतात. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा वनआगीच्या अभ्यासातला ठोकताळा आहे. दिवसा तापलेली हवा दरीतून वर वाहते, ती आगीला आणखी रेटते. म्हणून वणव्याच्या वरच्या अंगाला उभे राहणे सर्वांत धोक्याचे. जळून गेलेली काळी जमीन दिसायला भयाण असली तरी सुरक्षित असते.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या मदतीने आगीचे ठिकाण शोधून वनकर्मचाऱ्यांना संदेश पाठवते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका संवेदकाचा ठिपका पावणेचारशे मीटरचा असतो. पण उपग्रह दिवसातून मोजक्या वेळा डोक्यावरून जातो. तो गेल्यानंतर पेटलेली आग पुढच्या फेरीपर्यंत त्याला दिसत नाही, आणि तेवढ्या वेळात डोंगराची एक बाजू संपलेली असते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. साडेतीनशे चौरस किलोमीटरांहून मोठ्या, कड्याकपारींच्या या क्षेत्रात आग विझवायची म्हणजे ओल्या फांद्यांनी झोडपायची किंवा पुढचे गवत कापून तिची वाट तोडायची. बंब इथे चढत नाही. म्हणून खरा उपाय आग लागण्याआधीचा. जाळरेषा, म्हणजे गवत आधीच काढून मोकळा ठेवलेला पट्टा.

या आगीत आणखी एक गोष्ट जळते. मेअखेरीस भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर लाखो काजवे लुकलुकतात आणि ते पाहायला मुंबई-पुणे-नाशिकहून गर्दी लोटते. झाडावर दिसणारा काजवा हा त्याच्या आयुष्याचा अखेरचा, थोड्या दिवसांचा भाग. त्याआधीचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात ओलसर मातीत, पालापाचोळ्याखाली, गोगलगायी खात जाते. ज्या उतारावरचा पाचोळा मार्चमध्ये जळला, त्या उताराच्या काजव्यांचे काय होत असेल, ते सांगायला तज्ज्ञ नको.

गडगडणारे ढग

एप्रिलपासून दुपारी धारेवर ढग जमू लागतात. खालून कोकणातली दमट हवा चढते, पूर्वेला पठार तापलेले असते. दमट हवा एकदा वर उसळली की ढगाचा मनोरा बारा-पंधरा किलोमीटरांपर्यंत जातो. त्याच्या माथ्याकडे पाणी गोठलेले असते. बर्फाचे हलके स्फटिक वर आणि जड गारगोळे खाली जाताना एकमेकांवर घासतात आणि विद्युतभार वेगळे होतात. ढगाचा वरचा भाग धन, खालचा ऋण. ताण हवेला सोसवेनासा झाला की वीज पडते. तिच्या वाटेवरची हवा क्षणभर तीस हजार अंश सेल्सिअसच्या घरात तापते. त्या हवेचा स्फोटासारखा प्रसार म्हणजे गडगडाट.

आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत मनात आकडे मोजले आणि तिसाच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे. पुढची तुमच्यावर पडू शकते. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास आडोसा सोडायचा नाही, हा नियमाचा दुसरा भाग लोक हमखास विसरतात.

देशात विजेने दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे मरतात. मरणारे बहुतेक शेतात, रानात, गुरांमागे असतात. झाडाखाली उभी असलेली गुरे एकदम मरून पडतात, त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वीज झाडावर पडते आणि जमिनीतून चहूकडे पसरते. झाडाजवळच्या जमिनीत विजेचा दाब जास्त, दूर गेल्यावर कमी. गाईचे पुढचे पाय आणि मागचे पाय यांच्यात चार-पाच फुटांचे अंतर असते. तेवढ्यात दाबाचा जो फरक पडतो, तो तिच्या छातीतून वाहतो. माणसाने अशा वेळी दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे, झोपू नये, असे सांगतात ते याचसाठी. आणि वीज अंगावर पडलेल्या माणसाच्या शरीरात वीज साठून राहत नाही. त्याला हात लावायला घाबरू नये. श्वास थांबला असेल तर छाती दाबून तो सुरू करण्याचा प्रयत्न तिथल्या तिथे करावा. काही जण त्याने वाचतात.

आता भंडारदऱ्याचे वेळापत्रक पाहा. काजवे दिसण्याचा काळ मेअखेर ते जूनचा मध्य. रोहिणी आणि मृग नक्षत्राचा हाच काळ वळवाच्या विजांचा. दुपारनंतर वादळे उठतात, संध्याकाळी पर्यटक पोचतात आणि जलाशयाच्या उघड्या काठावर धातूच्या काठ्यांचे तंबू उभे राहतात. त्याच आठवड्यांत कळसूबाईच्या वाटेवरच्या लोखंडी शिड्यांवर रांगा लागतात. १६४६ मीटर उंचीचे हे शिखर राज्यातले सर्वोच्च ठिकाण आहे आणि माथ्यावर मंदिराव्यतिरिक्त आडोसा नाही. तंबू विजेपासून संरक्षण देत नाही. पत्र्याची उघडी शेडही देत नाही. पक्के घर देते, काचा बंद केलेली मोटार देते. सकाळी लवकर चढून दुपारच्या आत खाली येणे, एवढी साधी शिस्त कळसूबाईवर पुरेशी आहे.

मुका पाऊस

‘गर्जेल तो पडेल काय’ ही म्हण आपण बोलघेवड्या माणसासाठी वापरतो. हवामानाच्या अंगाने पाहिले तर घाटमाथ्यावर ती बरीच खरी आहे. मृगाच्या आधीचा आणि पुढे हस्ताचा पाऊस गर्जना करत येतो, थोडा वेळ झोडपतो आणि जातो. जुलै-ऑगस्टमधला, पुष्य-आश्लेषातला पाऊस मात्र बहुतांशी मुका असतो. या दिवसांत ढग फार उंच वाढत नाहीत. त्यांच्यात बर्फ कमी, म्हणून घासाघीस कमी, म्हणून विजा कमी. पण समुद्राकडून बाष्प अखंड येत राहते आणि धारेवर दिवसरात्र सांडत राहते.

हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ११५.६ मिलिमीटरांच्या वर पडला तर अति मुसळधार, २०४.४ च्या वर गेला तर अत्यंत मुसळधार. अकोले शहरात असा दिवस उगवला तर ती पिढीभर सांगायची गोष्ट होते. घाटघर-रतनवाडीला तो पावसाळ्याचा भाग आहे. इथल्या लोकांना मोठ्या पावसाचे भय वाटत नाही, आणि नेमका इथेच धोका आहे. गडगडाट माणसाला सावध करतो. मुका पाऊस तिसऱ्या-चौथ्या दिवशी, माती पुरती भिजल्यावर, एखाद्या पहाटे डोंगर खाली आणतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातल्या माळीणमध्ये दीडशेहून अधिक माणसे अशाच सकाळी गाडली गेली. तो डोंगर याच सह्याद्रीच्या ओळीतला.

वणव्याचा हिशेब पावसात चुकता होतो तो असा. पाचोळा असलेल्या जमिनीवर थेंब अडतो, मुरतो. जळलेल्या जमिनीवर थेंबाचा मार थेट मातीला बसतो. मातीचे बारीक कण आणि राख मिळून वरची छिद्रे बुजतात आणि पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते. मात्र अतिशयोक्ती नको. गवताची मुळे आगीत बहुधा जिवंत राहतात आणि पहिल्या सरींनंतर डोंगर हिरवा होतो. जुलैअखेरीस सगळीच माती काठोकाठ भिजलेली असल्याने जळलेल्या आणि न जळलेल्या उतारातला फरक कमी होतो. खरा फरक पडतो जूनच्या पहिल्या जोरदार सरींत, गवत उगवण्याआधी. तेव्हा लाल-काळे पाणी ओढ्यांतून उतरते आणि उतारावरची वीतभर माती बोटभर कमी होते. एका वर्षी हे दिसतही नाही. पण तोच उतार दरवर्षी जळला, झाडे मेली, त्यांची मुळे कुजून गेली, तर मातीची पकड सुटत जाते आणि गाळ जाऊन बसतो खालच्या जलाशयात.

धरण

रतनगडाच्या कुशीत उगम पावणाऱ्या प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात. तिच्यावरचे भंडारदरा धरण १९१० मध्ये बांधायला घेतले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून ते विल्सन डॅम. दगडी भिंतीची उंची सुमारे ८२ मीटर आणि साठा ११,०३९ दशलक्ष घनफूट. येत्या वर्षात त्याला शंभर वर्षे झाल्याचे कार्यक्रम होतील वा होऊन गेले असतील. त्याहून महत्त्वाचे हे की धरण दुष्काळावर उतारा म्हणून बांधले होते. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या खालच्या भागातली ऊसशेती आणि प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना या पाण्याच्या कालव्यांवर उभा राहिला. या धरणाकडून अपेक्षा असते ती भरण्याची.

पूर आवरायचा तर धरणात जागा रिकामी हवी. दुष्काळ टाळायचा तर ते भरलेले हवे. दर पावसाळ्यात ही ओढाताण होते. ऑगस्टच्या मध्यापर्यंत साठा १०,५०० दशलक्ष घनफुटांवर गेला की वर्तमानपत्रे ‘धरण तांत्रिकदृष्ट्या भरले’ अशी बातमी देतात. म्हणजे पूर्ण भरायला ५३९ दशलक्ष घनफूट जागा शिल्लक ठेवलेली असते.

ही जागा किती? शंभर चौरस किलोमीटर मुलखावर एका दिवसात १५० मिलिमीटर पाऊस पडला आणि भिजलेल्या मातीने काहीच शोषले नाही असे धरू. पाणी होते दीड कोटी घनमीटर, म्हणजे सुमारे ५३० दशलक्ष घनफूट. घाटघरच्या मानाने दीडशे मिलिमीटरांचा दिवस दुर्मीळ नाही. राखून ठेवलेली सगळी जागा अशा एका दिवसात संपते. हे पाणी चोवीस तासांत सारखे आले तर सेकंदाला सहा हजार घनफूट, म्हणजे सहा हजार क्युसेक. सहा तासांत आले तर चोवीस हजारांच्या पुढे. दरवाजे कधी आणि किती उघडायचे हा निर्णय म्हणूनच तासांचा असतो, दिवसांचा नाही.

भंडारदऱ्यातून सुटलेले पाणी रंधा धबधब्यावरून उतरते, वाकीकडून आलेली कृष्णवंती त्याला मिळते आणि ते निळवंडे धरणात जाते. तिथून अकोले, ओझर बंधारा, संगमनेर आणि पुढे नेवाशाजवळ गोदावरी. निळवंड्यामुळे खालच्या गावांना थोडी उसंत मिळते. पण दोन्ही धरणे भरलेली असतील तर ती उसंत उरत नाही. अशा वेळी संगमनेरच्या घाटावर स्वच्छ ऊन असते आणि नदी चढत असते. तिथल्या माणसाला आकाशाकडे पाहून काहीच कळत नाही. त्याच्या पुराचा पाऊस साठ-सत्तर किलोमीटरांवर पडलेला असतो.

त्यात एक विचित्र योग आहे. ‘भंडारदरा भरले’ ही बातमी खालच्या गावांना सावधगिरीची सूचना असते आणि शहरांतल्या पर्यटकांना आमंत्रण. सुटीच्या दिवशी जलाशयाभोवतालचा रस्ता गाड्यांनी भरतो, आणि हे सगळे लोक पाण्याच्या जवळ जायला आलेले असतात.

इशारा कोणाला पोचतो?

हवामान खाते इशारा रंगांत देते. पिवळा, नारिंगी, लाल. तो बहुतेक वेळा जिल्ह्यासाठी असतो. पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक यांच्या घाटमाथ्याचा उल्लेख हल्ली वेगळा केलेला दिसतो. अहिल्यानगरचा इशारा मात्र बहुधा जिल्ह्याच्या एकाच नावाखाली येतो, कारण जिल्ह्याचा फार मोठा भाग कोरडा आहे आणि घाटाची पट्टी नकाशावर नखाएवढी. श्रीगोंदा आणि घाटघर यांना एकच रंग मिळाला तर दोघांपैकी एकाला तो निरुपयोगी ठरणार. ज्याला तो वारंवार निरुपयोगी ठरतो, तो पुढे तो वाचायचे सोडून देतो.

मोजमापाची साधने नाहीत असे नाही. ‘महावेध’ प्रकल्पातली स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळाच्या पातळीवर पाऊस नोंदतात. धरणाच्या पाणलोटातल्या गावांचा पाऊस रोज मोजला जातो आणि छापूनही येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना मोबाइलवर देते. पण घाटघर-साम्रदच्या रस्त्यावर मोबाइलची रेंज कुठे जाते आणि कुठे येते, हे तिथे गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. साम्रदच्या सांदण दरीत दोन उंच भिंतींच्या फटीत शिरल्यावर ना रेंज उरते, ना आकाश. वर डोंगरावर पडलेली सर त्या फटीतून पाण्याच्या लोंढ्यासारखी येते.

माझे म्हणणे एवढेच की या पट्ट्याला जिल्ह्याच्या सरासरीतून वेगळे काढावे. वणवा, वीज आणि पूर यांची एकच वार्षिक दिनदर्शिका गावपातळीवर असावी. कार्तिक-मार्गशीर्षात गवत कापून जाळरेषा काढणे, वैशाखात काजव्यांच्या पर्यटनाला विजेचा नियम लावणे आणि वादळाच्या संध्याकाळी तंबूंऐवजी पक्क्या इमारतीत माणसे हलवणे, आषाढापासून सलग तीन दिवस मोठा पाऊस झाला तर उताराखालची घरे रिकामी करणे. यातले कुठलेही काम महागडे नाही. ते वेगवेगळ्या विभागांच्या वहीत आहे, म्हणून एकत्र होत नाही. जिथे रेंज नाही तिथे देवळातला भोंगा आणि शाळेची घंटा आजही काम देतात.

हा अंक हाती येईल तेव्हा रतनवाडीच्या खाचरांत भाताची कापणी चालू असेल आणि वरच्या उतारांवर गवत अजून अर्धे हिरवे असेल. पुढच्या पावसाळ्यात त्या उतारावरून किती माती खाली येणार, हे ठरवण्याचे काम याच महिन्यात, विळ्याने, सुरू होते.